कळलेला रस्ता कुणाला सांगायचा?

गेवराईतल्या एखाद्या केबलवाल्याचा इंटरनेटचा धंदा वाढला की तो दोन मोठ्या कंपन्यांकडून लाइन घेतो. महामार्गाच्या खोदकामात एक तुटली तर दुसरी चालू राहावी, एवढाच हेतू. आता त्याच्या राउटरला दोन्हीकडून जगभरच्या जाळ्यांचे रस्ते कळू लागतात. मेख इथेच आहे. एकीकडून कळलेले रस्ते त्याने दुसरीला कळवले, तर दुसरी समजते की तिकडे जायला गेवराईतून वाट आहे. मग दोन बलाढ्य जाळ्यांमधला डेटा त्याच्या लाइनींवर लोटतो. धुळे-सोलापूर महामार्गाची वाहतूक बाजारगल्लीत वळवावी तसा.

जाळ्यांनी एकमेकांना रस्ते कळवायची ही भाषा म्हणजे बीजीपी. ती १९८९ पासून वापरात आहे. आलेल्या मार्गात आपल्याच जाळ्याचा नंबर दिसला तर राउटर तो मार्ग टाकून देतो, म्हणून डेटा गोल गोल फिरत नाही. पण कुणाला काय सांगावं, हे बीजीपी ठरवत नाही. ते ठरतं पैशावरून. पैसे देणाऱ्या ग्राहकाचे रस्ते सगळ्यांना सांगायचे. बरोबरीच्या जाळ्याकडून किंवा आपण ज्याला पैसे देतो त्याच्याकडून कळलेले रस्ते मात्र फक्त आपल्या ग्राहकांना सांगायचे. दुसऱ्याचा डेटा फुकट कोण वाहील?

हा नियम मोडला की काय होतं, ते १२ मार्च २०१५ रोजी दिसलं. मुंबईच्या हॅथवे या ब्रॉडबँड कंपनीची गुगलशी थेट जोडणी होती. त्या जोडणीतून कळलेले गुगलचे ३०० हून अधिक मार्ग हॅथवेने चुकून एअरटेलला कळवले. हॅथवे एअरटेलची ग्राहक, आणि ग्राहकाकडून आलेल्या मार्गाला कंपन्या सहसा पहिली पसंती देतात, कारण त्यावर कमाई होते. एअरटेलने ते मार्ग जगाला सांगितले. अमेरिकेतल्या कोजंट आणि लेव्हल थ्रीपासून सिंगटेल आणि पाकिस्तान टेलिकॉमपर्यंत अनेकांनी ते खरे मानले. काही काळ जगात ठिकठिकाणी गुगलच्या सेवा मिळेनात. चूक हॅथवेची, पण ग्राहकाचं म्हणणं न तपासता पुढे सांगणाऱ्याची जबाबदारी मला जास्त वाटते.

२४ जून २०१९ रोजी अमेरिकेत तर गेवराईच्या केबलवाल्यासारखाच प्रकार घडला. पेनसिल्व्हेनियातल्या एका धातू कंपनीकडे अशाच दोन लाइनी होत्या. एकीचे मार्ग तिने दुसरीला, म्हणजे व्हेरायझनला कळवले, आणि क्लाउडफ्लेअरसारख्या मोठ्या सेवेलाही त्याचा फटका बसला.

यावर उपाय म्हणून आरपीकेआयचं नाव घेतलं जातं. इंटरनेटवरच्या पत्त्यांचा मूळ मालक कोण, हे त्यात डिजिटल सहीने तपासता येतं. मात्र हॅथवेच्या प्रकरणात मूळ मालक गुगलच होता, खोटं काहीच नव्हतं. बिघडली होती ती मधली वाट. मार्गांची अशी गळती रोखायला मे २०२२ मध्ये आरएफसी ९२३४ हे मानक आलं. त्यात जोडणी करतानाच कोण ग्राहक आणि कोण पुरवठादार हे ठरतं, आणि ‘फक्त ग्राहकासाठी’ अशी खूण मार्गाबरोबर पुढे जाते. दोन्ही टोकांनी ते वापरलं, तरच त्याचा पूर्ण उपयोग.

म्हणून तालुक्यातल्या इंटरनेट पुरवणाऱ्यांनी दुसरी लाइन जोडण्याआधीच, फक्त आपले आणि आपल्या ग्राहकांचे पत्ते बाहेर जातील असा फिल्टर राउटरवर लावून घ्यावा. लाइन देणाऱ्या मोठ्या कंपनीने तो लावलाच असेल, असं गृहीत धरू नये.