देवाणघेवाण आणि तिचे दूत

देशोदेशीच्या सांस्कृतिक देवाणघेवाणीचा खर्च सरकारे उचलतात, तेव्हा त्यामागे परराष्ट्रधोरण असते. फुलब्राइट शिष्यवृत्तीचेच पाहा. महायुद्धानंतर परदेशांत उरलेले अमेरिकी साहित्य विकून येणारा पैसा अशा देवाणघेवाणीवर खर्चावा, असा कायदा सिनेटर फुलब्राइट यांनी १९४६ मध्ये करून घेतला. १९५० मध्ये भारताशीही करार झाला. राष्ट्रांनी एकमेकांस ओळखावे, हा हेतू उदात्तच.

पण याच फुलब्राइटांनी १९५६ मध्ये, काळ्या-गोऱ्या मुलांनी एका शाळेत शिकण्यास विरोध करणाऱ्या दक्षिणेच्या जाहीरनाम्यावर सही केली. पुढल्याच वर्षी त्यांच्या आर्कान्सा राज्यात, लिटल रॉक येथे, नऊ काळ्या विद्यार्थ्यांना राज्याच्या सैनिकांनी शाळेच्या दारात अडवले. तेव्हा सरकारतर्फे ठरत असलेल्या सोव्हिएत दौऱ्यास लुई आर्मस्ट्राँग यांनी नकार दिला. जे घरात माणूस मानत नाहीत, त्यांचा दूत मी का व्हावे, असा त्या नकाराचा अर्थ होता.

माझे विद्यार्थी अशा शिष्यवृत्त्यांविषयी विचारतात. मी सांगतो, अर्ज जरूर करा. बाबासाहेबही १९१३ मध्ये बडोदे संस्थानच्या शिष्यवृत्तीवर कोलंबियात गेले. मात्र तिकडे देशाची सजवलेली तसबीर तेवढी नेऊ नका. गावकुसाबाहेरचा भारतही सांगा.