पॅड बांधून बसलेली माणसं

गेल्या साडेचार दशकांतलं मुंबईचं क्रिकेट मी मैदानात उतरून पाहिलेलं नाही, घरातून पाहिलं आहे. माझा दादा क्लबकडून कांगा लीग खेळायचा. १९४८ साली डॉ. कांगांच्या नावाने सुरू झालेली ही स्पर्धा भर पावसाळ्यात होते. उघडी, भिजलेली खेळपट्टी, चेंडू लपून बसेल इतकं गवत, आणि एक चेंडू घोट्याशी तर दुसरा हनुवटीशी. रविवारी संध्याकाळी दादा चिखलाने माखून यायचा आणि दादरच्या आमच्या दोन खोल्यांत पुढचे दोन दिवस दोरीवर नुसते पांढरे कपडे. आई ते नीळ घालून धुवायची, पंख्याखाली वाळवायची, दमट राहिले तर इस्त्रीने सुकवायची. दादा रणजीपर्यंत पोचला नाही. पण खेळाच्या जोरावर त्याला बँकेत नोकरी लागली, टाइम्स शील्डमध्ये तो ऑफिसकडून अनेक वर्षं खेळला, आणि त्याच पगारावर घर उभं राहिलं. या शहरात क्रिकेटने अशी कितीतरी घरं चालवली. त्यांची नावं वर्तमानपत्रात आली तर बारीक टायपातल्या धावफलकात.

म्हणून या काळाचा विचार करताना मला आधी आठवतात ती वाट पाहणारी माणसं.

फेब्रुवारी १९८८. आझाद मैदानावर हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेचा उपांत्य सामना, शारदाश्रम विरुद्ध सेंट झेवियर्स. सचिन तेंडुलकर नाबाद ३२६, विनोद कांबळी नाबाद ३४९, भागीदारी ६६४. डाव घोषित झाला तेव्हा फलकावर २ बाद ७४८. हे आकडे आमच्या पिढीला पाढ्यांसारखे पाठ आहेत. त्याच संघात तेरा वर्षांचा अमोल मुझुमदार होता. पुढचा फलंदाज म्हणून तो पॅड बांधून बसून राहिला, दुसऱ्या दिवशीही तसाच, आणि त्याची पाळी आली नाही. त्या भागीदारीवर किती लिहिलं गेलं! पण तेरा वर्षांच्या मुलाने मित्रांच्या धावांना टाळ्या वाजवत दोन दिवस तयार बसून राहणं, हेही खेळाचंच शिक्षण होतं, आणि मला तर ते जास्त कठीण वाटतं.

पद्माकर शिवलकरांची वाट तर जन्मभराची. प्रथम श्रेणीत ५८९ बळी, आणि एकही कसोटी नाही, कारण त्याच काळात कसोटी संघात त्यांच्या जागेवर बिशनसिंग बेदी होते. १९७३ चा चेपॉकवरचा रणजी अंतिम सामना घ्या. तमिळनाडूचे दोन डाव ८० आणि ६१ धावांत आटोपले. शिवलकरांनी पहिल्यात १६ धावांत ८ आणि दुसऱ्यात १८ धावांत ५ जण बाद केले. अशी गोलंदाजी करून घरी परतायचं आणि पुन्हा कसोटी संघ जाहीर होण्याची वाट बघायची. दादा त्यांना शिवाजी पार्कवर बघून यायचा आणि त्यांच्या पावलांच्या लयीची नक्कल करत घरभर फिरायचा. मार्च २०२५ मध्ये ते गेले, तेव्हा त्याने दिवसभर टीव्ही लावला नाही.

खिलाडूपणाचा विषय निघाला की आमच्या घरात १९८० ची ज्युबिली कसोटी हमखास निघते. वानखेडेवर इंग्लंडचे ५ बाद ५८. कपिल देवच्या चेंडूवर यष्टीमागे झेल दिल्याबद्दल पंचांनी बॉब टेलरला बाद दिलं. कर्णधार गुंडप्पा विश्वनाथ पहिल्या स्लिपमध्ये होते. चेंडूला बॅट लागलेली नाही अशी त्यांची खात्री होती. त्यांनी टेलरला परत बोलावलं. टेलर आणि बोथम यांनी मग १७१ धावा जोडल्या आणि भारत दहा गडी राखून हरला. बाबा म्हणायचे, विश्वनाथ बरोबर. दादा म्हणायचा, देशाचा कर्णधार म्हणून त्यांनी पंचांचा निर्णय मान्य करून गप्प बसायला हवं होतं. तो मुंबईच्या मैदानांवर वाढलेला, फुकट काही द्यायचं नाही हे शिकलेला. मी बाबांच्या बाजूची. सामना हरल्याचं दुःख आज उरलेलं नाही, आणि विश्वनाथांचं नाव मात्र आजही आदराने घेतलं जातं, एवढं मला पुरेसं आहे.

आता सचिनविषयी. आमच्या भागात त्याचं मोठं होणं डोळ्यांदेखत झालं, पण मला त्याच्या शतकांपेक्षा त्याच्या घराबद्दल जास्त सांगावंसं वाटतं. वांद्र्याच्या साहित्य सहवासात वाढलेला मुलगा. वडील रमेश तेंडुलकर, कवी आणि कीर्ती कॉलेजात प्राध्यापक. आई रजनी एलआयसीत. मोठा भाऊ अजित त्याला शिवाजी पार्कवर रमाकांत आचरेकरांकडे घेऊन गेला. रोजच्या जाण्यायेण्यात मुलगा थकू नये म्हणून तो पार्काजवळ काका-काकूंकडे राहायला आला. दिवसभर खेळून पेंगणाऱ्या मुलाला काकू भरवायची, हे त्याने निवृत्तीच्या दिवशी भर मैदानात सांगितलं. आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मैदानावरून दुसऱ्यावर न्यायचे आणि चांगला खेळलास असं चुकूनही म्हणायचे नाहीत. एका मुलाच्या बॅटीमागे इतकी माणसं आपापलं काम बाजूला ठेवून उभी होती. अजितने तर स्वतःचं खेळणंच बाजूला ठेवलं.

आणि प्रसिद्धीने घराकडून घेतलं काय? १९ मे १९९९ ला, विश्वचषक चालू असताना, वडील गेले. मुलगा इंग्लंडहून आला, अंत्यसंस्कार झाले, आईने त्याला परत जायला सांगितलं, आणि २३ तारखेला ब्रिस्टलमध्ये केनियाविरुद्ध त्याने नाबाद १४० केल्या. त्या दिवशी आमच्या चाळीत टीव्हीसमोर मोठ्याने कोणी बोललं नाही. आमच्या घरात सुतकाचे दिवस कसे जातात ते आम्हाला माहीत होतं. त्या मुलाला चार दिवसही मिळाले नाहीत. आपण सगळे त्याच्याकडून शतक मागत होतो. ही मागणी क्रूर होती, असं मला तेव्हाही वाटलं होतं आणि आजही वाटतं. त्याच्या आईने त्याला मैदानात खेळताना पहिल्यांदा पाहिलं ते नोव्हेंबर २०१३ मध्ये, वानखेडेवर, दोनशेव्या आणि शेवटच्या कसोटीत. चोवीस वर्षं सगळ्या जगाने ज्याला पाहिलं, त्याला आईने व्हीलचेअरवर बसून एकदाच पाहिलं.

विनोदचं मला फार वाईट वाटतं. कांजूरमार्गच्या चाळीतून बॅग खांद्यावर घेऊन लोकलने येणारा मुलगा, १९९३ मध्ये लागोपाठच्या दोन कसोटींत द्विशतकं, १७ कसोटींत ५४ ची सरासरी. डिसेंबर २०२४ मध्ये शिवाजी पार्कवर आचरेकरांच्या स्मारकाच्या अनावरणाला दोघे मित्र समोरासमोर आले आणि विनोद सचिनचा हात सोडेना. ते दृश्य मोबाइलवर फिरत राहिलं, त्याखाली लोक दोघांनाही तोलत राहिले. आजारी माणसाला तोलायचं नसतं. तो आपला मुलगा आहे, एवढंच या शहराने म्हणायला हवं होतं.

अमोल मुझुमदारने रणजी पदार्पणात २६० धावा केल्या. पुढे प्रथम श्रेणीत अकरा हजारांहून जास्त धावा, ३० शतकं, मुंबईचा कर्णधार म्हणून २००६-०७ चा रणजी करंडक. भारताची टोपी मिळाली नाही. २०२३ मध्ये तो भारतीय महिला संघाचा प्रशिक्षक झाला आणि २ नोव्हेंबर २०२५ ला नेरूळच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर त्याच्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून विश्वचषक जिंकला. कर्णधार हरमनप्रीत त्याच्या पाया पडली. दादा म्हणाला, न्याय झाला. मला हे पटत नाही. ती तीस शतकं विश्वचषक मिळाला नसता तरी तितकीच मोलाची होती. शिवलकरांना असा दिवस दिसला नाही, म्हणून त्यांचे ५८९ बळी हलके होतात का? वाट पाहणाऱ्याला शेवटी फळ मिळालं तरच आपण त्याच्याकडे बघणार असू, तर आपण त्याला पाहिलंच नाही.

त्या अंतिम सामन्याआधी तीन दिवस, त्याच मैदानावर, आपल्या मुंबईच्या जेमिमा रॉड्रिग्जने ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद १२७ केल्या होत्या. ३३९ चा पाठलाग, आणि तिने ना अर्धशतकाला बॅट उंचावली ना शतकाला. याच स्पर्धेत तिला एका सामन्यातून वगळलं गेलं होतं. सामन्यानंतर सगळ्यांसमोर रडत तिने सांगितलं, की या दिवसांत मनावर फार ताण होता आणि ती आईशी फोनवर बोलताना रडायची. वडील इव्हान, ज्यांनी तिला खेळ शिकवला, प्रेक्षकांत होते. प्रसिद्ध माणसाने आपलं खचणं असं उघड सांगावं, हे आमच्या वेळी शक्य नव्हतं. माझ्या मते त्या १२७ धावांइतकंच तेही धाडसाचं होतं.

मी लहान असताना पार्कात दादाचा स्कोअर लिहायचे. बॅट हातात घ्यावी असं मला वाटायचं, पण कोणत्या नेटमध्ये जाऊन उभं राहायचं हेच कळत नव्हतं. आता दादाची मुलगी, माझी भाची, त्याच पार्कात ऑफस्पिन टाकते. यंदा तिची पंधरा वर्षांखालची निवड चाचणी आणि शाळेची सहामाही परीक्षा एकाच आठवड्यात आली. वहिनीचं म्हणणं परीक्षा द्यावी, दादाचं म्हणणं चाचणी. भाचीने मला फोन केला, “आत्या, तू सांग ना त्यांना.” मी वहिनीला एवढंच सांगितलं, की शाळेत अर्ज द्यायला मी स्वतः जाते. सोमवारी जाऊन दिला. बाईंनी पेपर दिवाळीनंतर घ्यायचं कबूल केलं आहे.