मूग अंतराळात, लॅपटॉप जमिनीवर!
आपल्या लातूरच्या आडत बाजारात पोत्यांनी येतो तो मूग अंतराळात रुजवून पाहिलाय, माहीत आहे? जून 2025 मध्ये भारताचे अंतराळवीर शुभांशू शुक्ला आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर गेले, तेव्हा मूग-मेथीचं बियाणं सोबत होतं. खायला आमरसही! (पुढच्या वेळी आपले धपाटे जायलाच हवेत.)

वर साधारण 90 मिनिटांत पृथ्वीची एक फेरी, म्हणजे दिवसाला 16 सूर्योदय. पायांवर भार नसल्यामुळे स्नायू आणि हाडं झिजतात, म्हणून लांब मुक्कामाचे अंतराळवीर रोज दोनेक तास व्यायाम करतात.

15 जुलैला शुक्लांचं यान कॅलिफोर्नियाजवळ समुद्रात उतरलं. खरी गंमत त्यानंतरची. शुक्लांना साधा मोबाइल हातात जड वाटला. आणि काम संपल्यावर लॅपटॉप त्यांनी वरच्या सवयीने पलंगाशेजारी हवेतच सोडून दिला! खाली गालिचा होता म्हणून वाचला.

शुक्ला राहिले ते अंतराळ स्थानक लातूरवरूनही जातं. सूर्यास्तानंतर किंवा पहाटे, न लुकलुकणारा ठळक ठिपका चार-पाच मिनिटांत आकाश ओलांडतो. नासाच्या ‘स्पॉट द स्टेशन’ अ‍ॅपवर वेळ बघा आणि पोरांना घेऊन गच्चीवर जा. दुर्बीण लागत नाही.