दरडोई ऊस : एका सांख्यिकी संज्ञेचे स्पष्टीकरण

जागतिक अन्न व कृषी संघटनेच्या अन्न-ताळेबंदात प्रत्येक देशाच्या नावापुढे एकेका खाद्यवस्तूचा 'दरडोई पुरवठा' किलोग्रॅममध्ये दिलेला असतो. या सदरातील उसाचा आकडा वाचताना विद्यार्थ्यांचा हमखास घोटाळा होतो. आफ्रिकेच्या दक्षिण भागातील एस्वातिनी (२०१८ पूर्वीचे स्वाझीलँड) हा जेमतेम १२ लाख वस्तीचा देश वर्षाला ६ लाख टनांच्या वर साखर काढतो. नुसता भागाकार केला तर माणशी पाचशे किलो साखर येते. अर्थात ती तेथे कोणी खात नाही. बहुतांश साखर देशाबाहेर जाते. हाच भागाकार घरी करून पाहावा. २०२१-२२ च्या हंगामात महाराष्ट्रातील कारखान्यांनी सुमारे १३.२ कोटी टन ऊस गाळून १३७ लाख टन साखर तयार केली. २०११ च्या जनगणनेतील ११.२४ कोटी लोकसंख्येने भागले असता माणशी ऊस ११७० किलोंच्या वर आणि साखर १२२ किलो, म्हणजे रोजची सुमारे ३३४ ग्रॅम पडते. भारतातील साखरेचा प्रत्यक्ष खप माणशी वर्षाला २० किलोंच्या आसपास आहे.

ताळेबंदाची रीत अशी असते. उत्पादनात आयात मिळवून व निर्यात वजा करून, साठ्यातील फरक जमेस धरला की देशांतर्गत पुरवठा निघतो. त्यातून वैरण, बियाणे, प्रक्रिया व नासधूस यांचे वाटे काढल्यावर जे उरते ते 'अन्न'. उसाचा फार मोठा हिस्सा 'प्रक्रिया' या रकान्यात जातो आणि साखर व गूळ या वेगळ्या सदरांत पुन्हा प्रकट होतो. 'ऊस' या सदरापुढे माणशी अन्न म्हणून उरतो तो, साखर वा गूळ न होता, ऊस म्हणूनच लोकांच्या तोंडी जाणारा ऊस. शिवाय हा आकडा पुरवठ्याचा असतो, प्रत्यक्ष सेवनाचा नव्हे. 'पुरवठा' आणि 'खप' हे शब्द मराठी लेखनात एकमेकांऐवजी सर्रास वापरले जातात. ही सवय येथे महागात पडते.

विशेष असे की, कृष्णा व वारणा यांच्या काठच्या बोलीत हे रकाने पूर्वीपासूनच पाडलेले आहेत. कराड-वाळव्याकडील शेतकरी 'बेणे', 'वाढे' आणि 'गाळपाचा ऊस' यांत कधी गल्लत करीत नाही. बेणे म्हणजे लागणीसाठी राखलेला ऊस, ज्याची दोन किंवा तीन डोळ्यांची टिपरी करतात. वाढे म्हणजे शेंड्याकडील हिरवा पाला. ते तोडणीच्या वेळीच वेगळे होतात आणि जनावरांपुढे जातात. कारखान्याच्या काट्यावर ते चढतच नाहीत, त्यामुळे कारखान्याच्या नोंदीत त्यांचे वजनही नसते. आणि सोललेल्या उसाचे खाण्याजोगे तुकडे ते 'करवे'.

'ऊस खाणे' हा प्रयोगही विचार करण्याजोगा आहे. गिळला जातो तो रस. चोथा थुंकला जातो. मराठीत तंबाखूही 'खातात', तेव्हा केवळ क्रियापदावरून वस्तू अन्नात मोडते असे ठरत नाही. खाण्यासाठी पूर्वी नावाजलेला जाड, मऊ ऊस 'पुंड्या' होय. हे नाव संस्कृतातील 'पुंड्र' या उसवाचक शब्दाशी जोडले जाते. संक्रांतीच्या सुगडात बोरे-हरभऱ्यांबरोबर पडणारे करवे किंवा बांधावरून मोडून घेतलेले कांडे कोणत्याही वहीत चढत नाही. म्हणजे 'अन्न' या रकान्याला जो ऊस खरोखर पात्र आहे, नेमका तोच मोजायला सर्वांत अवघड.

अंशाची ही स्थिती झाली. छेदाची त्याहून बिकट आहे. सरासरीत जत आणि वाळवा, माण आणि कराड एकच होतात. जुने आकडे घेताना तर सीमाही तपासाव्या लागतात, कारण दक्षिण सातारा जिल्हा १९४९ साली वेगळा झाला व १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले. परंतु खरा प्रश्न 'डोई' या शब्दाचाच आहे. उसाच्या फडात माणसे डोईने मोजीत नाहीत, कोयत्याने मोजतात. 'एक कोयता' म्हणजे नवरा-बायकोची जोडी. एकटा मजूर हा 'अर्धा कोयता'. मुकादमामार्फत मिळणारी उचल कोयत्यामागे ठरते आणि सहसा पुरुषाच्या हाती पडते. मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत वाहणारी स्त्री हिशेबात स्वतंत्र आकडा म्हणून येत नाही, कोपीवरील मूल तर नाहीच.

बीडहून आणि खुद्द सांगलीतील जतहूनही ही कुटुंबे गळीत हंगामात नदीकाठी येतात. २०११ च्या जनगणनेतील गणना ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली, म्हणजे ऐन तोडणीत. अशा वेळी जिल्ह्याचा दरडोई आकडा काढणाऱ्याने एवढे तरी सांगितले पाहिजे, की फडावर जेवणारी ही तोंडे त्याने कोणत्या जिल्ह्याच्या छेदात घातली आणि एका कोयत्याच्या किती डोया धरल्या.