घोरतोय म्हणून क्यूट?

बसल्या बसल्या डुलक्या घेणारा, घर्र-घर्र घोरणारा पग. असं रील आलं की आपण हसतो, ग्रुपवर टाकतो. पण तो बसून का झोपतो? कारण अनेकदा आडवं झालं की त्याचा श्वास अडकतो. आपल्याला क्यूट वाटणारा तो आवाज म्हणजे हवा आत ओढायची धडपड असते.

पग, फ्रेंच बुलडॉग, इंग्लिश बुलडॉग या जाती माणसानेच पिढ्यान् पिढ्या निवड करून चपट्या तोंडाच्या केल्या. कवटी आखूड झाली, पण आतलं मांस त्या प्रमाणात कमी झालं नाही. खोली छोटी झाली आणि फर्निचर तेवढंच राहिलं, तसं! नाकपुड्या नुसत्या फटीएवढ्या, आणि टाळूचा मऊ भाग लांब असल्याने श्वासनलिकेच्या तोंडाशी येतो. या त्रासाला डॉक्टर 'बोआस' म्हणतात.

आपल्याकडचा उन्हाळा तर यांचा वैरीच. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, धापा टाकूनच तो शरीर थंड ठेवतो. श्वासाची वाटच अरुंद असेल तर धापा टाकणार कशा? विदर्भातला मे असो की मुंबईची दमट दुपार, उष्माघाताचा धोका असतोच. म्हणूनच अनेक विमान कंपन्या या जातींना कार्गोमधून न्यायला नकार देतात.

आपल्याकडे पगची क्रेझ वाढली ती 2003 च्या आसपास, 'हच'च्या जाहिरातीनंतर. मुलाच्या मागे मागे जाणारा तो पग सगळ्यांना हवासा झाला. मागणी वाढली की पिल्लं काढणारेही वाढतात. 2017 च्या केंद्रीय नियमांनुसार ब्रीडरने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करणं आणि आठ आठवड्यांखालचं पिल्लू न विकणं बंधनकारक आहे. नेदरलँड्सने तर फारच चपट्या तोंडाच्या कुत्र्यांच्या प्रजननावरच बंदी आणली.

घरी पग असेल तर घाबरू नका, पण वजन वाढू देऊ नका. लठ्ठपणाने श्वास आणखी अडतो. गळपट्ट्याऐवजी हार्नेस वापरा, फिरायला पहाटे किंवा उशिरा संध्याकाळी न्या. हिरड्या निळसर दिसल्या किंवा तो कोसळला तर लगेच व्हेटकडे पळा. नाकपुड्या रुंद करायची, टाळू कापून आखूड करायची सर्जरीही होते.

आणि नवीन पिल्लू घेणार असाल तर फोटोवर भाळू नका. त्याच्या आई-बाबांना बघायला मागा, त्यांना तीन मिनिटं जरा पळवून बघा. त्यांनाच धाप लागून घरघर ऐकू आली, तर तिथूनच परत फिरा. तसंही, गल्लीतलं लांब नाकाचं इंडी पिल्लू घराची वाट बघतंच आहे.