बँक बंद पडली तर आपल्या पैशांचं काय?



बंदीच्या दोन महिन्यांत घर चालतं ते हंगामात बँकेत टाकलेल्या पैशांवर. म्हणून जेटीवर बरेच जण विचारतात, "बँकेलाच टाळं लागलं तर?" आम्ही जे समजून घेतलं ते इथे देतो.

उदाहरण आपल्या गोव्यातलंच. म्हापसा अर्बन बँकेवर रिझर्व्ह बँकेने २०१५ मध्ये निर्बंध घातले आणि परवाना रद्द झाला एप्रिल २०२० मध्ये. तेव्हाच्या कायद्याने बँक अवसायनात निघाल्यावरच विम्याचे पैसे मिळायचे. तोवर ठरवून दिलेली रक्कम काढायची आणि वाट बघत बसायचं.

ऑगस्ट २०२१ मध्ये संसदेने १९६१ च्या ठेव विमा कायद्यात दुरुस्ती केली. आता निर्बंध लागून पैसे अडकले की ९० दिवसांत विम्याची रक्कम द्यावी लागते. पहिल्या ४५ दिवसांत बँक ठेवीदारांची यादी देते, पुढचे ३० दिवस ठेव विमा महामंडळ ती तपासते आणि त्यानंतर १५ दिवसांत पैसे. बँकेच्या विलीनीकरणाची बोलणी चालू असतील तर रिझर्व्ह बँक आणखी ९० दिवस वाढवू शकते.

हे लक्षात ठेवा:

१. विमा एका बँकेत एका ठेवीदाराला ५ लाखांपर्यंत, तोही मुद्दल आणि व्याज धरून. फेब्रुवारी २०२० पर्यंत ही मर्यादा १ लाखच होती.

२. एकाच बँकेच्या दोन शाखांत पैसे ठेवले तरी हिशेब एकच. होडी विकून आलेले ८ लाख एकाच्याच नावावर एकाच बँकेत असतील, तर ३ लाखांना विमा नाही. दोन बँकांत वाटून ठेवा.

३. विम्याचा हप्ता बँक भरते. तुमच्याकडून कोणी मागितला तर देऊ नका.

४. त्याच बँकेचं कर्ज थकलं असेल तर ते यातून वळतं होऊ शकतं.

५. केवायसी आणि वारसाचं नाव आजच पूर्ण करा. ऐनवेळी कागदांवाचून अडतं.

शेवटचं, पण महत्त्वाचं. हा विमा बँकांना आहे. पतसंस्थेतल्या किंवा आपल्यासारख्या सहकारी संस्थेतल्या ठेवींना तो नाही. आपल्याच संस्थेबद्दल हे सांगताना जड जातं, पण लपवून कसं चालेल? इथे तुमची राखण म्हणजे तुमची स्वतःची नजर. वार्षिक सभेला या, लेखापरीक्षण अहवाल मागून वाचा आणि आम्हाला प्रश्न विचारा.

आपले,
सचिव व संचालक मंडळ