विमानाच्या उदराचे माप

सावित्रीच्या भरतीबरोबर गलबते महाडपर्यंत येत आणि तेथून मिठासारखा माल पोलादपुरावरून, पार घाटाने देशावर जाई, त्या काळी ओझ्याच्या बैलाच्या पाठीवर दोन्ही अंगांना समान वजनाची गोण घालण्याचा जो दंडक होता, त्यातले भारसाम्याचे तत्त्व आकाशगामी विमानालाही तितक्याच कठोरपणे लागू आहे. आज महाडच्या औद्योगिक वसाहतीत रासायनिक व औषधी द्रव्यांचे कारखाने आहेत, आणि निकडीच्या औषधी मालाची परदेशी रवानगी व्हावयाची असली, म्हणजे महामार्गाने मुंबईस सहारच्या विमानतळावर पोचलेला तो माल बहुधा ॲल्युमिनियमच्या एका विलक्षण आकाराच्या पेटीत शिरतो.

‘एलडी-३’ नावाची ही पेटी तळाशी सुमारे १५६ सेंटिमीटर रुंद असून वरच्या बाजूस २०१ सेंटिमीटरपर्यंत विस्तारते. तिचा खालचा एक कोपरा तिरपा छाटलेला असतो. प्रवाशांच्या पायांखालील मालकोठीची भिंत वर्तुळाकार असल्यामुळे, दोन पेट्या परस्परांना पाठ लावून उभ्या केल्या, की त्यांचे तिरपे कोपरे त्या वक्रतेत चपखल बसतात आणि जागा वाया जात नाही. १९७० साली बोइंग ७४७ हे विशालकाय विमान सेवेत आले, १९७१ मध्ये एअर इंडियाचे ‘सम्राट अशोक’ मुंबईत उतरले, आणि अशा विमानांबरोबरच या पेट्यांचा प्रसार झाला. न्हावाशेव्याच्या बंदरातील वीस फुटी पोलादी कंटेनर रिकामाच दोन टनांहून जड असतो. ही पेटी मात्र शंभर किलोंच्या आत, आणि भरल्यावर कमाल १,५८८ किलो.

प्रत्येक पेटीचे वजन करून, गुरुत्वमध्य ढळू नये अशा बेताने तिची जागा ठरवली जाते, व मालकोठीच्या जमिनीतील कुलपांनी ती जखडली जाते. २०१३ साली अफगाणिस्तानात बगराम येथून उडालेल्या मालवाहू विमानात चिलखती वाहनांपैकी किमान एक बंधनातून सुटून मागे सरकले, शेपटीकडील नियंत्रणयंत्रणा मोडली आणि विमानातील सातही जण प्राणास मुकले. पेटीला विमानाचाच एक भाग मानून, मर्यादेबाहेर मोडतोड झालेली पेटी उड्डाणातून बाद करण्याचा नियम आहे तो यासाठीच; त्यात काडीचीही सवलत असू नये.

साधी पेटी उष्णतेपासून मात्र रक्षण करीत नाही. २ ते ८ अंशांत राखावयाच्या औषधांसाठी शुष्क बर्फावर किंवा विद्युत्‌घटांवर चालणारी शीतपेटी लागते. खरा धोका उंच आकाशात नसून विमानतळाच्या तापलेल्या फरसबंदीवर, माल खोक्यांतून पेटीत हलवताना आणि विमानाची वाट पाहताना असतो. म्हणून अशा औषधांपुरती तरी शीतपेटीच रूळ बसवलेल्या मोटारीतून कारखान्याच्या दारी यावी, तेथेच भरली जावी व मोहरबंद व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे. डिसेंबर २०२५ पासून रायगड जिल्ह्यातच, उलव्यापाशी, नवी मुंबईचा विमानतळ सुरू झाल्याने महाडहून विमानापर्यंतचे अंतरही आता घटले आहे.